काहिलीच्या काठावरचा हात : वेदना न कळणाऱ्या एका मुलाचे प्रकरण

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता आणि कोल्हापूरच्या परिसरातली गुऱ्हाळे रात्रंदिवस चालू होती. करवीर तालुक्यातील एका गावाहून चार वर्षांच्या मुलाला त्याची आई आणि आजी आमच्या बालरुग्ण विभागात घेऊन आल्या. मुलाचे वडील गुळव्या, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे कारागीर आहेत. आदल्या दिवशी संध्याकाळी काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, रस उकळत असताना मुलगा कुणाच्या नकळत चुलवाणाजवळ गेला आणि काहिलीच्या तापलेल्या काठावर उजवा तळहात टेकवून आत उसळणारा पाक पाहत उभा राहिला. त्याने हात मागे घेतला नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा वडिलांचे लक्ष गेले आणि त्यांनी त्याला ओढून बाजूला काढले. त्या क्षणीही मुलगा रडला नाही. आपल्याला असे का ओढले, याचेच त्याला नवल वाटले असावे.

तळहातावरची आणि बोटांच्या आतल्या बाजूची जखम खोल होती. मलमपट्टी करताना तो माझ्या स्टेथोस्कोपशी खेळत होता. आजी कौतुकाने म्हणाल्या, "पोरगं जन्मापासनं लई सोशीक हाय, डॉक्टर. सुई टोचली तरी रडत न्हाई." या एका वाक्यासाठी मी त्या आजींचा ऋणी आहे. चार वर्षांचे मूल सोशीक असू शकते, पण दीड महिन्याचे बाळ लस टोचताना सोशीक नसते. लसीकरणाच्या एकाही वेळी हे बाळ रडले नव्हते.

या प्रकरणाची नोंद सविस्तर करण्याचे कारण केवळ आजाराचे दुर्मिळपण नाही. गर्भात वाढत असलेल्या संवेदी चेतापेशी जगतात कशा आणि मरतात का, या प्रश्नाचे उत्तर एका मुलाच्या अंगावर इतके स्पष्ट लिहिलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

पूर्वेतिहास

मूल तीन महिन्यांचे असल्यापासून त्याला वारंवार ताप येई. ताप बहुतेक वेळा उन्हाळ्यात किंवा जास्त कपड्यांत गुंडाळल्यावर चढे आणि गार हवेत आपोआप उतरे. प्रत्येक वेळी जंतुसंसर्ग गृहीत धरून प्रतिजैविके देण्यात आली होती. आईला विचारले, "याला घाम येतो का?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कवाच बघितला न्हाई." तो प्रश्न तिला आधी कुणी विचारलाच नव्हता.

दात आल्यावर त्याने जिभेचे टोक चावून काढले होते. दोन बोटांची टोके बोथट झालेली होती. तिसऱ्या वर्षी डाव्या नडगीचे हाड मोडले, परंतु तो त्याच पायावर पाच दिवस हिंडत राहिला आणि पाय वाकडा दिसू लागल्यावर घरच्यांना कळले. त्या वेळी ज्या ठिकाणी उपचार झाले तिथे आईवडिलांनी मुलाला मारले असावे अशी शंका घेतली गेली. भाजलेले, चावलेले आणि हाड मोडलेले मूल समोर आल्यावर वैद्याने ती शंका घेणे चूक नाही, ते त्याचे कर्तव्यच आहे. मात्र शंका घेतल्यावर पुढचा प्रश्न विचारला गेला नाही, आणि अपमानित झालेले कुटुंब वर्षभर कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही. ते वर्ष वाया गेले याची मला आजही खंत वाटते.

आईने सांगितलेल्या आणखी एका गोष्टीने निदानाला दिशा दिली. मुलगा भाकरीबरोबर मिरचीचा खर्डा खातो आणि पाणी मागत नाही, पण चहात गूळ कमी पडला तर कप परत करतो. म्हणजे गोडाची चव त्याला अचूक कळत होती आणि तिखटाचे झोंबणे मात्र कळत नव्हते. तिखट ही मुळात चव नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे उष्णता व वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवते. चव नेणाऱ्या चेतापेशी निराळ्या. एका जातीच्या पेशी शाबूत आणि दुसऱ्या जातीच्या नाहीत, हे चित्र इथेच उमटू लागले.

तपासणी

मुलाचे डोळे मिटवून मोरपीस बोटांवरून फिरवले तेव्हा तो खुदकन हसला आणि कोणत्या बोटाला स्पर्श झाला ते त्याने बरोबर दाखवले. कंपन करणारा चिमटा घोट्यावर ठेवला की तो "घुर्र" म्हणे. डोळे मिटून तो न डगमगता उभा राहत होता आणि त्याचा पायाचा अंगठा वर केला की खाली केला हे त्याला न बघता सांगता येत होते. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय नेहमीसारखा उडत होता.

टाचणीचे टोक लावल्यावर मात्र तो नुसतेच "लावलं" म्हणाला. बर्फाच्या पाण्याची आणि कोमट पाण्याची काचेची नळी त्याला सारखीच वाटली. डास चावल्यावर त्याला खाज सुटत नाही, असे आईने सांगितले. त्वचा कोरडी होती, टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि डोळ्याच्या बुबुळाला कापसाचा धागा लावल्यावर पापणी नीट मिटत नव्हती. याउलट, हातातले खेळणे काढून घेताच तो ओक्साबोक्शी रडला आणि डोळ्यांतून भरपूर पाणी आले. याला दुःख होत होते. दुखत नव्हते.

चेतावहनाची तपासणी पूर्णपणे सामान्य आली. अशा वेळी नवखा डॉक्टर गोंधळतो, पण ही तपासणी जाड, वेगवान तंतूंचेच मोजमाप करते. वेदना व तापमान नेणारे अतिशय बारीक तंतू तिच्या जाळ्यात सापडतच नाहीत. त्वचेत हिस्टामिनचा थेंब टोचल्यावर गांध उठली, पण तिच्याभोवती लालसर वलय पसरले नाही. ते वलय पसरवण्याचे काम त्वचेतले बारीक वेदनातंतूच करतात, त्यामुळे वलयाचा अभाव हा तंतूंच्या अभावाचा पुरावा ठरतो. त्वचेचा छोटा तुकडा काढून पाहिला तेव्हा बाह्यत्वचेत एकही चेतातंतू आढळला नाही. घामाच्या ग्रंथी जागेवर होत्या, त्यांची रचनाही बरोबर होती, परंतु एरवी त्यांना वेढून असणारे तंतूंचे जाळे तिथे नव्हते.

जनुकीय तपासणीचा अहवाल काही आठवड्यांनी आला. एनटीआरके-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच बदल होता आणि त्यामुळे त्या जनुकापासून बनणारे प्रथिन अर्ध्यातच तुटत होते. या आजाराला जन्मजात वेदना-असंवेदनशीलता व स्वेदहीनता (घाम न येणे) म्हणतात. या जनुकाशी त्याचे नाते १९९६ मध्ये जपानमधील यासुहिरो इंदो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

गर्भात काय घडले

वेदनेच्या चेतापेशींचे मुख्य भाग त्वचेत नसतात. ते पाठीच्या कण्यालगत, मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या लहान गाठींमध्ये असतात. या गाठींना डॉर्सल रूट गँग्लियन म्हणतात. चेहऱ्यासाठी अशीच एक मोठी गाठ कवटीच्या तळाशी असते. तिथून प्रत्येक पेशी एक तंतू त्वचेकडे आणि दुसरा मज्जारज्जूकडे पाठवते. भ्रूणात या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त संख्येने जन्माला येतात. त्यांचे तंतू आपापल्या प्रदेशाकडे वाढत जातात, आणि मग तंतू पोहोचण्याच्या सुमारास पेशींचा मोठा वाटा, अनेक गटांत जवळपास निम्मा, मरून जातो. निरोगी गर्भातही हे घडते. शरीराच्या बांधणीतली ती एक ठरलेली पायरी आहे.

कोण जगेल हे ठरते त्वचेकडून येणाऱ्या एका प्रथिनावर. तंतू जिथे पोहोचायचा त्या ऊती नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, अत्यंत अल्प प्रमाणात तयार करतात. या प्रथिनाच्या प्रत्येक साखळीत ११८ अमिनो आम्ले असतात आणि अशा दोन साखळ्या जोडीने काम करतात. तंतूच्या टोकावर ट्रॅक-ए नावाचे ग्राही प्रथिन असते आणि एनटीआरके-१ हे जनुक त्याचाच आराखडा आहे. एनजीएफची जोडी दोन ट्रॅक-ए रेणूंना एकत्र आणते, ते एकमेकांना फॉस्फेट जोडून जागे करतात, आणि मग जागा झालेला हा संपूर्ण संच पेशीपटलाच्या एका बारीक पुटिकेत गुंडाळला जाऊन तंतूच्या आतून, सूक्ष्मनलिकांच्या वाटेने, पेशीच्या केंद्रकाकडे उलट्या दिशेने नेला जातो. वाढत्या भ्रूणातही हे अंतर पेशीच्या स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी पट असते. तंतूच्या टोकाला मिळालेला एनजीएफ दूरवरच्या पेशीला जगवू शकतो, हे रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी १९७७ मध्ये तीन कप्प्यांच्या बशीत दाखवले : मधल्या कप्प्यात पेशी, बाजूच्या कप्प्यांत त्यांचे तंतू, आणि एनजीएफ फक्त तंतूंच्या कप्प्यात. पेशी जगल्या.

हा संदेश पोहोचला की पेशीत पीआय-३ कायनेज आणि एकेटी ही प्रथिने कामाला लागतात आणि पेशीच्या आत आधीपासूनच सज्ज असलेली मरणाची यंत्रणा दाबून धरतात. संदेश थांबला की हा दाब सुटतो. बॅक्स नावाचे प्रथिन तंतुकणिकांच्या आवरणाला भोके पाडते, त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशी आतून पद्धतशीरपणे मोडली जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोवळ्या चेतापेशींचे एनजीएफ काढून घेतले तर साधारण एक ते दोन दिवसांत त्या नाहीशा होतात.

येथे एका शब्दाविषयी माझा आक्षेप नोंदवावासा वाटतो. या प्रथिनांना मराठीत बरेचदा 'चेतापोषक घटक' म्हटले जाते, आणि मी स्वतःही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना तसेच शिकवले. पण पोषण म्हटले की पेशी उपाशी मरते असे चित्र डोळ्यांसमोर येते. या मुलाच्या गर्भावस्थेत त्या पेशींना साखर मिळत होती, प्राणवायू मिळत होता, आईच्या आहारात काही कमी नव्हते. १९८८ मध्ये असे दिसून आले की एनजीएफ काढून घेतलेल्या पेशींना नवी प्रथिने बनवूच दिली नाहीत, तर त्या मरत नाहीत. उपाशी पेशीला प्रथिने बनवायची बंदी केल्यावर ती वाचेल, हे संभवत नाही. म्हणजे इथे मरण हे पेशीनेच हाती घेतलेले काम आहे, आणि एनजीएफ म्हणजे ते काम थांबवून धरणारी, जगण्याची परवानगी आहे. आईला हे सांगणे मला फार आवश्यक वाटले, कारण गरोदरपणात डोहाळे कडक असल्याने आपण नीट जेवलो नाही आणि म्हणून मूल असे झाले, असे ती चार वर्षे मनात धरून बसली होती.

मुलाच्या बाबतीत घडले ते असे. त्याच्या वेदनापेशी जन्माला आल्या. त्यांनी तंतू बाहेर पाठवायला सुरुवात केली. त्याच्या त्वचेत एनजीएफ तयार होत होते. परंतु तंतूंच्या टोकांवर ते ओळखणारे ट्रॅक-ए नव्हते, त्यामुळे एरवी निम्म्यांच्या वाट्याला येणारा मृत्यू या गटातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींच्या वाट्याला आला. यातील काही पेशी एरवी जन्मानंतर एनजीएफवरून जीडीएनएफ नावाच्या दुसऱ्या घटकाच्या आधारावर गेल्या असत्या. पण त्या वळणापर्यंत पोहोचण्याआधी एनजीएफचाच टप्पा पार करावा लागतो, आणि तो त्यांना पार करता आला नाही. १९९४ मध्ये ट्रॅक-ए नसलेले उंदीर तयार केले गेले तेव्हा त्यांच्या गँग्लियनमधल्या लहान आकाराच्या चेतापेशी अशाच नाहीशा झालेल्या आढळल्या होत्या.

पेशी आधी तयार होतात आणि मग मरतात, हा क्रम समजायला विज्ञानाला बराच काळ लागला. व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचा पंखाचा अंकुर काढून टाकला आणि त्या बाजूची गँग्लियन लहान राहिल्याचे पाहिले. पंख नसल्यामुळे नव्या चेतापेशी घडवण्याचा आदेशच मिळाला नाही, असा अर्थ त्यांनी लावला. इटलीत तुरीन येथे रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी, १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर, राहत्या घराच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून तोच प्रयोग पुन्हा केला आणि आपले गुरू जुझेप्पे लेव्ही यांच्यासह १९४२ मध्ये निराळा निष्कर्ष मांडला : पेशी घडतात, तंतूही पाठवतात, आणि लक्ष्य न मिळाल्याने नंतर मरतात. हॅम्बर्गर यांनी त्यांना १९४७ मध्ये सेंट लुइसला बोलावले. दोघांच्या मतांत भेद असताना एकाने दुसऱ्याला स्वतःच्या प्रयोगशाळेत बोलावले आणि १९४९ मध्ये दोघांनी मिळून लेव्ही-मोंताल्चिनी यांचेच म्हणणे पुष्ट केले, हा प्रसंग मी प्रत्येक वर्गात सांगतो. लक्ष्याकडून मिळणारे ते जगवणारे प्रथिन म्हणजेच एनजीएफ. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी ते आधी सापाच्या विषात आणि नंतर नर उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर असल्याचे शोधून ते शुद्ध केले. १९८६ चे नोबेल पारितोषिक कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळाले.

या मुलाला घाम का येत नाही, याचे उत्तरही त्याच काळातल्या एका प्रयोगात आहे. १९६० मध्ये नवजात उंदरांना एनजीएफविरोधी प्रतिद्रव्ये टोचली तेव्हा त्यांची अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या चेतांचा एक भाग, जवळपास नष्ट झाली. घामाच्या ग्रंथींना चालवणाऱ्या पेशी याच संस्थेतल्या, आणि त्यांनाही जगण्यासाठी ट्रॅक-ए लागते. त्यामुळे वेदना न कळणे आणि घाम न येणे हे दोन आजार नव्हेत. मेंदूच्या तळभागातील काही पेशींवरही ट्रॅक-ए असते; मुलगा उशिरा बोलू लागला होता आणि एका जागी बसत नव्हता, आणि या आजाराच्या मुलांत बौद्धिक विकास मंद असणे अनेकदा आढळते.

जे उरले त्याचा हिशेबही तितकाच चोख आहे. डोळे मिटून तोल सांभाळणाऱ्या, स्नायूंचा ताण मोजणाऱ्या पेशी न्यूरोट्रॉफिन-३ आणि ट्रॅक-सी या जोडीवर जगतात. चव नेणाऱ्या पेशी आणि स्पर्शाच्या काही पेशी बीडीएनएफ आणि ट्रॅक-बी या जोडीवर जगतात. बीडीएनएफ हे १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून प्रथम वेगळे केले गेले. ही सगळी प्रथिने एकाच घराण्यातली, पण प्रत्येकाचे ग्राही वेगळे. म्हणून या मुलाला मोरपिसाने गुदगुल्या होतात, चहातला गूळ कळतो, अंधारात पायरी सापडते, आणि काहिलीचा काठ मात्र कळत नाही.

वडिलांचा प्रश्न

अहवाल समजावून सांगितला त्या दिवशी वडील कामावर खाडा करून आले होते. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "ते जे काय कातडीतनं सुटतंय, ते भाईरनं टोचून देता येत न्हाई का?" प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर टाळणे मला प्रशस्त वाटले नाही.

मी सांगितले की मुलाच्या अंगात एनजीएफची कमतरता नाही, आणि आणखी दिले तरी ते धरून ठेवणारे ट्रॅक-ए नाही. वडील थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजे निरोप येत हुता, पण ऐकायला कान न्हवतं." या आजाराचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते. त्यात मी एवढीच भर घातली की ज्यांनी निरोप ऐकायचा ते थांबले होते, आणि न ऐकू आल्यामुळे ते जन्माआधीच निघून गेले. चेतापेशी पुन्हा विभागत नाहीत, त्यामुळे उद्या नवा कान बसवता आला तरी ज्याला तो बसवायचा तो आता जागेवर नाही.

मृत्यूची यंत्रणाच बंद केली असती तर काय झाले असते, हेही उंदरांमध्ये पाहिले गेले आहे. एनजीएफ आणि बॅक्स ही दोन्ही जनुके नसलेल्या उंदरांत वेदनापेशी जिवंत राहिल्या, पण त्यांचे तंतू त्वचेच्या वरच्या थरात नीट पसरले नाहीत. जगवणे हे एनजीएफचे पहिले काम आहे, आणि तंतूला त्वचेत फांद्या फुटायला लावणे हे दुसरे.

एनजीएफचे थेंब २०१८ पासून अमेरिकेत डोळ्याच्या बुबुळाची संवेदना हरपल्यामुळे होणाऱ्या जखमांवर मान्यताप्राप्त आहेत. एका नातेवाइकाने मोबाइलवर ती बातमी दाखवली होती. ते औषध जिथे तंतू आणि ट्रॅक-ए शिल्लक आहेत तिथे उपयोगी पडते. या मुलाच्या डोळ्यांसाठी आम्ही साधे ओलावा टिकवणारे थेंब आणि रात्रीचे मलम ठेवले. उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात मुळात एनजीएफच्याच जनुकात दोष असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनाही खोलवरची वेदना कळत नाही, पण घाम येतो आणि बुद्धीवर परिणाम नाही. निरोप बिघडणे आणि कान नसणे यांतला फरक तिथे दिसतो. प्रौढ माणसात तर गोष्ट उलटते. त्याच्या वेदनापेशी जगण्यासाठी एनजीएफवर अवलंबून राहत नाहीत, मात्र सुजलेल्या भागात वाढलेले एनजीएफ त्यांना अधिक हळवे करते आणि दुखणे वाढते.

एक अवघड बोलणे आणखी करायचे होते. मुलाची आई ही वडिलांची मामेबहीण. म्हणजे आजींच्या सख्ख्या भावाची लेक. आपल्या भागात मामाची मुलगी करणे ही जुनी आणि जिव्हाळ्याची रीत आहे. आईवडील दोघेही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे वाहक होते, त्यांना स्वतःला काहीही त्रास नव्हता, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के होती. हे सांगताना आजींच्या चेहऱ्याकडे पाहणे कठीण गेले, कारण ते लग्न त्यांनीच जमवले होते. मी त्यांना सांगितले की असे एखादे सदोष जनुक आपल्या प्रत्येकाच्या अंगात असते, माझ्याही आहे. फक्त ते जोडीने भेटण्याचा योग एका घराण्यात जास्त येतो. तेव्हा आजींनीच सांगितले की धाकट्या मुलाचे लग्न त्याच भावाच्या दुसऱ्या मुलीशी ठरत आले आहे. धाकट्या काकांची रक्ततपासणी करून घेतली. ते वाहक नव्हते, त्यामुळे त्यांच्या मुलांना हा आजार होण्याची भीती उरली नाही. आईवडिलांना पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान करता येणाऱ्या वारेच्या तपासणीची माहिती दिली.

उपचार आणि पाठपुरावा

हाताच्या जखमेवर त्वचारोपण करावे लागले. दुखत नाही म्हणून भूल नको, असा विचार सहजच मनात येतो, पण या मुलाला स्पर्श कळतो आणि परक्या हातांची भीतीही वाटते. भूलतज्ज्ञांनी हलकी भूल दिली आणि शस्त्रक्रियेत सर्वाधिक लक्ष शरीराच्या तापमानावर ठेवले. जखम अपेक्षेपेक्षा उशिरा भरली. दुखत नसल्याने तो हात स्वस्थ ठेवत नव्हता, आणि प्लास्टर घातल्याशिवाय इलाज राहिला नाही.

घरासाठी नियम आखले, आणि ते आखताना एक तत्त्व धरले : ज्या प्रत्येक ठिकाणी वेदना इशारा देते, तिथे दुसरा इशारा उभा करायचा. रोज रात्री आईने त्याला दिव्याखाली घेऊन डोक्यापासून तळपायापर्यंत ओळीने पाहायचे. बोटांच्या बेचक्या, जीभ, टाचा आणि डोळे एकही दिवस चुकवायचे नाहीत. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. आंघोळीच्या पाण्यात आधी मोठ्या माणसाने कोपर बुडवायचे. कुठलाही सांधा सुजला तर दुखतो का हे विचारत न बसता थेट क्ष-किरण तपासणीला यायचे. दातांच्या धारा दंतवैद्यांनी घासून गुळगुळीत केल्या.

तापाविषयी आईला सर्वांत जास्त वेळ देऊन समजावले, कारण या आजारात जीव घेणारी गोष्ट ताप हीच आहे. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३७-३८ अंशांच्या आसपास जातो आणि घाम न येणारे शरीर त्या हवेबरोबरच तापत राहते. हा ताप जंतूंचा नसल्यामुळे पॅरासिटामॉलने तो फारसा उतरत नाही. अंगावर ओले सुती पंचे, त्यावर पंखा, भरपूर पाणी, आणि घरात थर्मामीटर. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या पुढे बाहेर पडायचे नाही. अंगणवाडीच्या ताईंनाही हे सगळे लिहून दिले, आणि त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी पाण्याने भरलेली बादली आणि पंचा कायमचा ठेवला.

गुऱ्हाळात त्याला नेणे बंद करावे, असे मी सुचवले होते. वडिलांनी ते पूर्ण मानले नाही, आणि विचार करता त्यांचेच बरोबर होते असे मला वाटते. मुलाला गुऱ्हाळ आवडते आणि तो कधी ना कधी तिथे जाणारच. वडिलांनी चुलवाणाभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढली आणि रेघेच्या आत पाय टाकायचा नाही हे त्याला रोज शिकवले. वाफ दिसली की लांब, लाल दिसले की लांब, मोठ्यांनी फडके धरून उचललेली वस्तू असेल तर लांब : आपण जे एका चटक्यात शिकतो ते तो डोळ्यांनी, पाठ करून शिकला. त्याला बराच वेळ लागला.

आता तो साडेसहा वर्षांचा आहे. मधल्या काळात एकदा टाचेच्या हाडात जंतुसंसर्ग झाला आणि त्यासाठी सहा आठवडे प्रतिजैविके द्यावी लागली. दोन उन्हाळ्यांत मिळून एकदाच तापासाठी भरती करावे लागले. हाताची पकड पुरती परतलेली नाही, परंतु तो पेन्सिल धरतो. मागच्या मे महिन्यात तो खांद्यावर ओला पंचा घेऊन तपासणीला आला. मी विचारण्याआधीच त्याने खुर्चीवर बसून डावा बूट काढला, तळपाय माझ्या बाजूला वळवला आणि करंगळीखाली बोट ठेवून म्हणाला, "हितं लाल झालंय. मीच बघितलं." आईला त्या फोडाची कल्पना नव्हती.